कपाट उघडेपर्यंत दोन शब्द

सन्माननीय अध्यक्षा, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, आमच्या कुलूप-दुरुस्ती वर्गाचे आजी-माजी विद्यार्थी, बाईंच्या घरची मंडळी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई... बाईंची खुर्ची रिकामी आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. बाई इथेच आहेत. माझ्या पाठीमागे, पडद्याच्या त्या बाजूला स्टुलावर बसून कपाटाचं कुलूप उघडताहेत. त्यांना द्यायची भेटवस्तू त्या कपाटात आहे.

हसा, हसा. मीही हसलो असतो, पण ते कपाट मीच बंद केलं आहे.

झालं असं, की भेटवस्तू ठेवताना मी अंगातला कोटही आत टांगला आणि कुलूप दाबलं. ते दाबलं की बसतं. किल्ली कोटाच्या खिशात. आजचं भाषणही कोटाच्या खिशात. तेव्हा आता जे येईल ते गोड मानून घ्या.

तुम्ही म्हणाल, कुलपं उघडायला शिकवणारी माणसं तुम्ही, तुम्हाला काय अवघड? मलाही अगदी तसंच वाटलं! पाहुण्यांसाठी सांगतो. अशा कुलपात पाच बारीक पिना असतात. प्रत्येक पिन आपापल्या उंचीवर आली की कुलूप फिरतं. किल्लीवाचून हे करायच्या दोन तऱ्हा. माझी तऱ्हा रेकची. एका पट्टीने कुलपावर ताण धरायचा, म्हणजे बसलेली पिन खाली येत नाही, आणि दातेरी रेक आत घालून भराभर मागेपुढे करायचा. नशिबात असेल तर पिना आपसूक जागेवर बसतात. बाईंची तऱ्हा एकेका पिनेची. बारीक आकड्याने चाचपायचं, कुठली पिन अडते आहे ते ओळखायचं, तेवढीच उचलायची, मग पुढची.

नवशिक्याला आधी काय शिकवावं? यावरून बाई आणि मी इतके भांडलो आहोत, की आमचा शिपाई आमचे चहाचे कप टेबलाच्या दोन टोकांना ठेवतो.

माझ्या बाजूनेही थोडं बोलू द्या. एक मुलगी वर्गात नवी होती. पहिलीच पिन सापडेना म्हणून ती रडकुंडीला आली, पिशवी भरायला लागली. मी तिच्या हातात रेक दिला. दोनदा फिरवला आणि कुलूप उघडलं. काय हसली ती! बाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "विचार तिला, कसं उघडलं?" मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "उघडलं ना? झालं तर मग!"

काय, बाई? ...बाई आतून म्हणताहेत, "पण ती पोरगी टिकली, हेही सांग." सांगतो. ती टिकली, आज तिचं स्वतःचं दुकान आहे, आणि ती तिसऱ्या रांगेत बसून मान खाली घालून हसते आहे. नंतर एकेक पिन बाईंनीच शिकवली तिला. मी नाही.

तर आज कपाट बंद झालं, आणि मी सगळ्या विद्यार्थ्यांसमोर मोठ्या रुबाबात रेक काढला. "बघा," म्हणालो. उघडेना. ताण वाढवला. उघडेना. इकडे अध्यक्षांची गाडी आली, तशी मला घाई झाली, मी जोर केला आणि रेकचं टोक आतच मोडलं. शिपाई म्हणाला, "साहेब, कापून टाकू." तेवढ्यात बाई आल्या. समारंभासाठी नवी साडी नेसलेल्या. म्हणाल्या, "कुलूपवाल्यांच्या कार्यक्रमात कुलूप कापता? त्यापेक्षा भेट नको मला." आणि पर्समधून चिमटा आणि आकडा काढून स्टूल ओढलं. स्वतःच्या निरोपाला कुणी आकडा घेऊन येतं का हो? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण खरी लाज त्याची नाही. मोडलेलं टोक निघतं. बाईंनी ते मघाशीच काढलं. लाज वेगळी आहे. सोमवारपासून बाईंचा वर्ग माझ्याकडे येतो आहे. अध्यक्षा आज त्यांच्या भाषणात एक 'झटपट अभ्यासक्रम' जाहीर करणार आहेत. त्यात एकेका पिनेचे तास नाहीत. ते मी काढायला सांगितले. बाईंना न विचारता. समितीला म्हणालो, मुलांना कंटाळा येतो, वेळ वाया जातो.

बाई, ऐकताय ना? आतली खुडबुड थांबली म्हणून विचारतो.

मुलांचं निमित्त होतं. मला ते येत नाही, म्हणून काढले. रेक चालला की चालला, नाही चालला की माझ्यापुढे अंधार. वर्गात कुणी अडलं की मी म्हणायचो, "हे बाईंना विचार." उद्या कुणाला विचारायला सांगू? अध्यक्षा, हात जोडून विनंती करतो, ती घोषणा आज करू नका. ते तास राहू द्या. आधी रेक की आधी पिन, ते आम्ही भांडत राहू. पण रेकनंतर पुढे काही नाही, असा वर्ग नको.

बाई बोलावताहेत. जरा आत जातो, माइक घेऊनच जातो.

...चार बसल्या आहेत म्हणे. पाचवी मी बसवायची. बाई, सगळ्यांसमोर? बरं. धरली पट्टी, माइक तुम्ही धरा. आकडा आत... थांबा... अरेरे! गेलं. ताण सुटला. सगळ्या पिना खाली आल्या, मंडळी. बाईंनी इतक्या वेळात बसवलेलं मी घालवलं.

बाई रागावलेल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या स्टुलावरून उठल्या आणि म्हणाल्या, "बस इथे. पहिली शोध."

तेव्हा अध्यक्षा, पाहुणे, आपण सगळे आलात, खोळंबलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पदरात घ्या. चहा बाहेर मांडला आहे, तो सावकाश घ्या. पिना बसवायला मला दोन्ही हात लागतील, म्हणून माइक ठेवतो. आणि जाता जाता पंखा तेवढा बंद करा; पिन बसली तर तिची टिक मला ऐकू यायला हवी.