सगळ्यांच्या सांगण्यात वहिनी

हॅलो?… हो, मार्सेलिनच बोलतोय. कोण, वहिनी? अगं, वसईहून तू कशाला केलास, मी केला असता ना… बूथवरून? घरी दादा आहे म्हणून? बरं, बरं.

तुलाही हॅपी ईस्टर… मजेत. मेलबर्नला थंडी सुरू झालीय… बाबांना जाऊन वर्ष होतंय त्या मिस्साला? बघतो गं. शिफ्टचं काही… नाही, टाळत नाहीये.

बरं, टाळतोय. अगं ऐक ना, आधी आमच्या नताशाचा घोळ ऐक. शाळेत सांगितलंय, ईस्टरच्या सकाळची बायबलमधली चारही शुभवर्तमानं शेजारीशेजारी ठेवून वाचा. झालं! म्हणते, डॅड, यांचं जुळतच नाही. मत्तयात येशूच्या कबरीवर बायका दोन, मार्कात तीन, लूककडे आणखी, योहानाकडे मरीया मग्दालीया एकटीच. देवदूत कुठे एक, कुठे दोन… हो, मीही तेच म्हटलं, फादरना विचार.

तर म्हणाली, आजोबांचं तरी कुठे जुळतं?

हो, आपल्याच बाबांचं. दादा सांगतो, बाबांचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि शेवटी त्यांनी माझं नाव घेतलं. मोनिका सांगते, जवळ तीच होती आणि बाबा काही बोललेच नाहीत… अगं, भांडणं नाही लावत. मी पोचलो नाही ना, वहिनी. वर्षभर हेच डोक्यात आहे. माझं नाव घेतलं की नाही, एवढंच कळू दे.

ऐक, ऐक. नताशा म्हणते, बाकी काही जुळो न जुळो, मग्दालीया चारही ठिकाणी आहे. आणि काका-आत्याच्या दोन्ही गोष्टींत काकू आहे, म्हणजे तू. तिला कुणी विचारलं का?

नाही विचारलं. म्हणून आता विचारतोय.

सांग ना, वहिनी.

हं… हं… म्हणजे तूही नव्हतीस? पेज गरम करायला गेलीस… आणि दादा केळीच्या बागेत… मोनिका मागच्या दारी… तू हाक मारल्यावर धावत आले.

म्हणजे कुणीच नव्हतं.

नाही गं, तुझा काय दोष? पेज नको का आणायला?… नाही सांगणार त्यांना. दादा माझ्यासाठीच तसं म्हणाला, कळतं मला. मोनिकालाही जवळ असावंसं वाटलं असेल.

काय? आवाज तुटतोय, परत सांग… रोज संध्याकाळी? बाबा काय विचारायचे?

…‘मार्सेलिनकडे किती वाजले?’

आहे, आहे लाइनवर. रडतोय, पण आहे… आणि तू काय सांगायचीस?… अंदाजाने? काहीही? आणि त्यांना चालायचं!… अगं, हसत नाहीये. हो, हसतोय.

येतो, वहिनी. मिस्साला येतो… हो, नक्की… बूथवाला ओरडतोय? ठेव मग…

इकडे? इकडे साडेसात वाजलेत. संध्याकाळचे.

ठेवतो.