शेवटचा नंबर

नाही गं, दाराची बटणं बिघडलेली नाहीत — तुझा नंबर लागतो की. माझाच लागत नाही, तू वरच्या खोलीत राहायला आलीस तेव्हापासून. तुझा काय दोष, साक्षी, भाडेकरूला नंबर द्यायलाच हवा. पण बघ, फ्रँकलिननं हे कुलूप स्वतः बनवलं, प्रोग्रॅमही स्वतःच लिहिला — सी का काय म्हणतात, त्यात. त्याची आई, माझी सासू, विसरायला लागली होती ना, एकदा नुसत्या मोज्यांवर बर्फात निघाली, शेजाऱ्यांनी धरून आणली. म्हणून आतून बाहेर पडायलाही नंबर. बरोबरच होतं तेव्हा. मम्मीला जाऊन आता वर्ष होईल, कुलूप आहे तिथेच.

तर सगळे नंबर एका फाइलीत, एकाखाली एक. पहिला त्याचा, मग माझा, आता माझ्याखाली तुझा. आमच्या रॉड्नीनं ब्रॉसार्डहून फोनवर समजावलं मला — ओळ संपली की एन्टर मारतात, तो दिसत नाही, पण फाइलीत असतो. प्रोग्रॅम ओळ वाचतो ती त्या एन्टरसकट, आणि मी दाबते नुसते आकडे — जुळणार कसे? सगळ्यात खालच्या ओळीच्या शेवटी फ्रँकलिन एन्टर मारत नाही, म्हणून तेवढा नंबर चालतो. आधी खाली मीच होते, मला काय कळणार? "इट्स वन लाइन, ममा," म्हणाला, वाचल्यावर ती शेपटी कापायची, झालं. मी फ्रँकलिनला सांगितलं. तर म्हणतो, "ठाऊक आहे मला." ठाऊक आहे, बघ — आणि रविवारी करतो म्हणतो. दर रविवारी म्हणतो.

त्याला कुठे अडतं? तो खाली बेसमेंटमध्ये बसून लॅपटॉपवरून उघडतो. मलाही उघडून देतो की — मी जिन्यावरून हाक मारायची, कुठे चालले ते सांगायचं, कधी येणार ते सांगायचं. ग्रोसरी म्हटलं की उघडतं. चर्च म्हटलं की उघडतं. व्हिटबीला माझ्या बहिणीकडे, ग्लेन्डाकडे म्हटलं की — "आज रस्ते बरे नाहीत, जोन." वाईट नाही गं तो. नोकरी गेली तेव्हापासून घरात एकटा राहिला की घाबरतो. हात उचलला नाही कधी, आवाजसुद्धा चढवला नाही — म्हणून तर कोणाला सांगताही येत नाही, सांगणार काय?

ही बॅग? हो, माझीच. हळू बोल, त्यानं हेडफोन लावलेत, तरी पण — तू क्लासला निघालीच आहेस, तर दाब तुझा नंबर. मी तोंड फिरवते. नको, मला सांगू नकोस, तुझा तुझ्यापाशी ठेव.

हं. उघडलं. किती हलकं आहे बघ दार.

परत येताना? अगं, परत यायचं असतं तर तुझा नंबर बघितला नसता का मी? चल, बसस्टॉपपर्यंत — नको, तू हो पुढे. दार मी ओढून घेते.