वायसरच्या मापाची अंगठी

हसू नका यार, तवाची माही हालत मलेच माहीत. बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली घाटंजीत लग्नाचं नाव कोणी काढत नव्हतं. माह्या मनात भरलेल्या नसरीनच्या अब्बानं तर दोन स्थळं वापस पाठवलती. अन् मी तिले अचानक लग्नाचं विचारायले हिऱ्याची अंगठी घेऊन राह्यलो होतो!

पण बोटाचं माप कुठून आणू? ती शिलाईवाली, दर हप्त्याले स्कुटी दुरुस्तीले माह्या गॅरेजात आणे. मी चाक खोललं अन् लहान-मोठे वायसर, म्हणजे नटाखालच्या गोल चकत्या, एकेक करून तिच्या हाती दिले. म्हटलं, "बोटात घालून ठेवा, नाही तर हरवते." जो नेमका बसला, तो घेऊन सोनाराकडे गेलतो.

सोनार म्हणे, "पोरगी नाही म्हणाली तर अंगठी वापस घेत नाही बरं!" झालं, झोपच उडाली माही.

अंगठी तयार झाली त्या हप्त्याले ती स्कुटी घेऊन आली. खिशातून अंगठी काढून पुढे केली, पाहतो तं वायसरच!

तिनं तो शांतपणे बोटात घातला. म्हणे, "माप बरोबर हाये. आता अंगठी काढा लवकर. दर हप्त्याले चांगली गाडी बिघडवून आणता आणता थकली मी."