नळ सोडून पाहणाऱ्या ताई

सन्माननीय अध्यक्ष, तपासणी खात्यातून आलेले पाहुणे, आमच्या बचत व गृहकर्ज संस्थेचे ठेवीदार, कर्जदार, आणि आज निवृत्त होताना व्यासपीठावरच्या खुर्चीत अवघडून बसलेल्या आमच्या कर्ज अधिकारी ताई,

मला पाच मिनिटं दिली आहेत. कर्मचारी संघटनेच्या माणसाला तेवढी घसा खाकरायलाच लागतात, तरी आवरतो.

ती जुनी कचेरी आठवते? कुरकुरणारा जिना, जिन्याखाली एकमेकींवर रेललेल्या सायकली, कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलेली वीट! तेव्हाचे अध्यक्ष म्हणजे ताईंचे सख्खे मामा. माणूस रुबाबदार. नोकरीला लावताना भाचीला त्यांनीच शिकवलं, की कर्जाचं घर बघायला गेलीस तर भिंतींवर भाळू नकोस. स्वयंपाकघरात जा, नळ सोडून बघ. कर्जदार चहाचं विचारत आणि या बाई आधी नळाकडे! आम्ही चिडवायचो, ताई, प्लंबर व्हा, चार पैसे जास्त मिळतील.

पुढे मामांच्या शब्दावर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीला भराभर कर्जं सुटली. नियम नव्हते का? होते. निरीक्षक नव्हते? तेही होते. त्यांनी गाडीच्या काचेतून घरं पाहिली आणि 'समाधानकारक' असा शेरा मारला. ताई रजेच्या दिवशी गेल्या, सवयीने नळ शोधायला. दार ढकललं, तर पलीकडे मोकळं रान. नुसत्या रंगवलेल्या दर्शनी भिंती! या कर्जांच्या नावाखाली तुमच्याआमच्या ठेवी मामांनी गिळल्या होत्या.

ताई आधी त्यांच्याकडेच गेल्या.

"मामा, तुम्ही सांगता की मी सांगू?"

"पोरी, तुला कडेवर खेळवलंय मी."

"म्हणून तर आधी तुमच्याकडे आले."

मामा उठून आत निघून गेले. ताईंनी तपासणी खात्याला कळवलं. मामा तुरुंगात गेले, सुटले ते खंगूनच, आणि वारले. बहुतेक ठेवी वाचल्या. आज घरात पाय ठेवून पाहिल्याशिवाय कर्ज सुटत नाही. पाहुण्यांनो, हा नियम तुमच्या खात्याने केला, पण त्याची किंमत मोजली ताईंनी. त्यांचं आजोळ तुटलं. मामांच्या शेवटच्या दर्शनालाही कुणी बोलावलं नाही.

अजून बरंच बोलायचं होतं. पण आत्ताच मागच्या दाराने ताईंच्या मामी आल्या आहेत आणि खुर्ची न घेता उभ्या आहेत. त्यांना निमंत्रण द्यायला आम्ही धजलो नव्हतो. तेव्हा आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. उणंअधिक बोललो असेन तर पोटात घाला. सत्कार जरा थांबू द्या. ताई, आधी खाली जा.