काकांच्या स्कूटरला पळीभर गंगाजल

गंगेच्या घाटावर पूजा सांगणाऱ्या आमच्या काकांच्या स्कूटरचं ऐका. गेलेल्या काकू ज्या स्कूटरवर मागे बसायच्या, ती काका विकू देत नाहीत. ती धूर ओकायला लागली, तेव्हा कुणीतरी सांगितलं, ऑइलमध्ये ताकदीच्या औषधाची बाटली ओता, इंजिन नवं होईल. काकांनी बाटली ओतली आणि घाटावरच्या पूजेच्या सवयीनं वर पळीभर गंगाजलही सोडलं. चौथ्या दिवशी गाडी बंद.

मिस्त्रीनं ऑइल काढलं, तर दुधाच्या चहासारखं! काकांनी गंगाजल सोडल्याचं कबूल केलं.

"पंडितजी, पिस्टन की घिसी हुई रिंग बोतल से थोड़े ही भरती है? रिंग बदल देंगे, चलेगी," मिस्त्री म्हणाला. मग सीटवर हात ठेवून हळूच, "और गंगाजल तो आखिरी वक्त में पिलाते हैं। ये तो अभी ज़िंदा है।"