सुटायची वेळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष असलेले आपले मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरचे मालकांचे थोरले बंधू, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती रोलरकाका, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या काकू, आणि समोर बसलेल्या धुलाई, वाळवणी, इस्त्री अन् घडी या चारही खात्यांतल्या माझ्या ताई-दादांनो, सर्वांना नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेही प्राचार्यांशी भांडून. तेव्हापासून मोठ्या माणसांसमोर उभं राहिलो की काहीतरी बिघडतंच. हात आत्ताच ओले झालेत. माइक निसटला तर समजून घ्या.

काकांनी मला काय शिकवलं? हॉस्पिटलची ओली चादर गरम रोलरमध्ये सोडताना बोटं कुठे थांबवायची, ते. आज माझी दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत ती त्यांच्यामुळे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझं डोकं तापलं की मशीन बंद करत जा. दोन गरम वस्तू एका जागी नकोत." हसा, हसा. मी त्या आठवड्यात सहा वेळा मशीन बंद केलं होतं.

तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे निळ्या टोपीवाले येता-जाता हजेरीचं कार्ड पंच करतात, पांढऱ्या टोपीवाले सुपरवायझर करत नाहीत. त्यांचा पगार ठरलेला, ओव्हरटाइम बंद. काकांच्या डोक्यावर पांढरी टोपी आली त्याला एकोणीस वर्षं झाली. तरी ते रोज आपल्या रांगेत उभे राहायचे. कोरी कार्डं पदरमोड करून आणायचे आणि पंच करायचे. आपण सगळे हसायचो. मी तर तोंडावर विचारलं, "काका, ही हजेरी दाखवता कुणाला?"

"मला," म्हणाले. बस्स, एवढंच.

आता एक खाजगी गोष्ट. खाजगी म्हणजे काय, निम्म्या हॉलला माहीत आहे. तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ काकांची मुलगी बसली आहे. मी तिकडे बघणार नाही. बघितलं. असो. गेल्या वर्षी मी काकांच्या घरी जाऊन सरळ विचारलं होतं. ते म्हणाले, "आधी पांढरी टोपी आण, मग बोलू." तेव्हापासून मी त्या टोपीसाठी जिवाचं रान केलं.

आणि मागच्या आठवड्यात साहेबांनी पत्र दिलं. काकांच्या जागी मी! आज याच व्यासपीठावर सही करायची. मी धावत जाऊन ते तिला दाखवलं. बसथांब्यावर उभ्या उभ्या तिनं दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "यात सुटायची वेळ कुठे लिहिलीये?"

मी भडकलो. "तुला आनंदच नाही का?"

"लहानपणी मी बाबांना झोपलेलंच पाहिलंय," ती म्हणाली. बस आली, ती गेली.

दुसऱ्या दिवशी लॉकर रिकामा करताना काकांनी माझ्या हातात बुटांचे तीन खोके ठेवले. आत एकोणीस वर्षांची कार्डं. रोजचे अकरा तास, कधी बारा. पत्रातल्या पगाराला मी त्या तासांनी भागलं. पुन्हा भागलं, कारण गणितात मी कच्चा. पण उत्तर बदललं नाही. घडी खात्यात परवा लागलेल्या ताईंना तासाला माझ्यापेक्षा जास्त मिळत होते.

मग मी कामगार कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंना पत्र दाखवू लागलो, तर म्हणाल्या, "पद काय लिहिलंय ते राहू द्या. दिवसभर तुमचे हात काय करतात ते सांगा." मी म्हणालो, "चादरी सोडतात." "रजा कुणाची मंजूर करता? कामावर कुणाला घेता?" मी पत्र उलटून पाहिलं. "मग नुसत्या टोपीनं सुपरवायझर कसे झालात? ओव्हरटाइम तुम्हालाही लागू आहे."

साहेब, मी तुमच्याकडेही आलो होतो, आठवतंय ना? विचारलं, "माझ्या हाताखाली कोण?" तुम्ही हसून म्हणालात, "अरे, मशीन आहे की!"

विनोद चांगला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकंच.

पत्र माझ्या खिशात आहे. पेनही तुम्हीच दिलंत. पण आज मी सही करणार नाही. मला सुपरवायझरचं काम द्या, नाहीतर माझं कार्ड रॅकमध्ये राहू द्या, तासाला तासाचे पैसे द्या आणि काकांचे ते तीन खोके एकदा उघडून बघा. उद्या गेटवर मला आत सोडतील की नाही, माहीत नाही. 

काका, तुमची अट मी मोडतोय. टोपी निळीच राहील. पण साडेपाचला सुटेन आणि सहाला घरी असेन, जागा. तेवढ्यावर बोलता येईल का?

आत्ता तुम्ही मान हलवलीत, ती होकाराची, की माइक नीट धर म्हणून?

वर्गणीतून आपण काकांना भिंतीवरचं घड्याळ आणलंय. त्यांनी ते आता हवं तेव्हा बघावं, नको तेव्हा बघू नये. वेळ दिल्याबद्दल सर्वांचा आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पदरात घ्या. काही चुकलं असेल तर ते माझं, काकांच्या शिकवणीचं नाही.

आणि अध्यक्षमहाराज, सहा वाजून दहा मिनिटं झालीत. मी अजून सुटायचं कार्ड पंच केलेलं नाही.