भिंतीतला डबा

ओतिलिया : ...अहो, नका घालू हात त्या फटीत! विंचू असेल.

एलिसेर : माझी टोपी गेलीय आत. विंचवाला ती मोठी होईल. थांबा, हे काय लागतंय हाताला?

ओतिलिया : चावलं का?

एलिसेर : डबा आहे! चिकटपट्टी गुंडाळून दगडाआड नीट सरकवलाय. गुप्तधन, ओतिलिया! अख्खं बारिचारा गाव या वाटेनं गुआनेला जातं, आणि सापडलं कुणाला? एका म्हाताऱ्या पाववाल्याला.

ओतिलिया : परत ठेवा आधी. कुणाचा असेल, नसेल.

एलिसेर : उघडलासुद्धा. शिट्टी, गोटी, पेन्सिल, लाकडाची बकरी... आणि ही चिठ्ठी. चष्मा द्या जरा. ‘शाबास! हा खेळ आहे. फोनवर खुणा बघत लोक असे डबे शोधतात. कागदावर नाव लिहा, एक वस्तू घ्या, एक ठेवा, आणि डबा होता तिथं लपवा.’

ओतिलिया : एवढंच? एवढ्यासाठी माणसं उन्हात डोंगर चढतात?

एलिसेर : आपण टोपीसाठी वाकलो, ते बरं? ही बकरी तुम्हाला. आता काहीतरी ठेवायला हवं.

ओतिलिया : ही सेफ्टी पिन ठेवा. शिंपिणीकडे दुसरं काय असणार?

एलिसेर : ठेवली. आता नावं. मी माझं लिहितो... झालं. तुमचं?

ओतिलिया : नको.

एलिसेर : का?

ओतिलिया : माझ्या लेकीच्या, योलिमाच्या ऑफिसातली पोरं असलेच खेळ खेळतात. एखादा येईल, दोन्ही नावं वाचेल, बुकारामांगाला शहरात जाऊन तिला सांगेल.

एलिसेर : मग सांगू दे की! या वयात मी तुमच्या घरी मागच्या दारानं येतो. शेजारचा कुत्राही आता भुंकत नाही माझ्यावर.

ओतिलिया : तिच्या बापाला जाऊन फार दिवस नाही झाले, एलिसेर. तिला मी माझ्या मैत्रिणीबरोबर, रोसाल्बाबरोबर आलेय असं सांगितलंय.

एलिसेर : बरं. राहू दे. मीच माझं नाव खोडतो.

ओतिलिया : रुसलात होय? अहो, खोडू नका... थांबा, फोन वाजतोय. तिचाच! जरा गप्प बसा. हं, बोल गं बाळा.

योलिमा : आई, कुठे आहेस?

ओतिलिया : गुआनेच्या वाटेवर. मस्त वारा आहे. रोसाल्बा दमलीय, बसलीय जरा.

योलिमा : रोसाल्बा मावशी इथे बुकारामांगात, बाजारात आहे. माझ्यासमोर पेरू निवडतेय.

ओतिलिया : पेरू आलेत होय बाजारात?

योलिमा : आई, कुणाबरोबर आहेस तू?

ओतिलिया : एलिसेरबरोबर.

योलिमा : बेकरीवाले? लहानपणी मला गरम पाव फुकट द्यायचे ते?

ओतिलिया : तेच.

योलिमा : मैत्री म्हणून गेलीस की...

ओतिलिया : मैत्रीच्या पुढे गेलंय, बाळा. तुझ्या बाबांना विसरले नाहीये मी. पण संध्याकाळी दार वाजलं की मला बरं वाटतं. एवढंच आहे बघ.

योलिमा : मग खोटं का बोललीस?

ओतिलिया : तू रडशील म्हणून.

योलिमा : रडतेच आहे. रोसाल्बा मावशी रुमाल देतेय, सगळा बाजार बघतोय.

ओतिलिया : रागावलीस?

योलिमा : हो. खोटं बोललीस म्हणून. बाकीचं मला अजून कळत नाहीये. थोडा वेळ दे मला.

ओतिलिया : घे, बाळा. हवा तेवढा घे.

योलिमा : उतरताना त्यांचा हात धर. त्या वाटेवरचे दगड फार गुळगुळीत झालेत. ठेवते.

एलिसेर : काय म्हणाली?

ओतिलिया : तुमचा हात धरायला सांगितलंय.

एलिसेर : खरंच?

ओतिलिया : उतरताना म्हणाली. आता आणा ती पेन्सिल इकडे.

एलिसेर : कागदावर जागा फार उरली नाही हो.

ओतिलिया : पुरेल. तुमच्या नावाला लागूनच लिहिते.